विश्लेषण : गिरगाव चौपाटीवरील कॉलेजला ज्यांचे नाव आहे, ते जॉन विल्सन कोण होते?

मुंबईच्या जुन्या स्कॉटिश दफनभूमीत डिसेंबर १८७५ मध्ये एका मिशनऱ्याला मूठमाती देण्यात आली. आयुष्यभर त्यांनी इथल्या प्रत्येक धर्माशी वाद घातला, न्यायालयाची पायरी चढली, शहराचा रोषही ओढवून घेतला. तरीही त्यांच्या नावाने कॉलेज, शाळा आणि विद्यापीठातील व्याख्यानमाला उभी राहिली. हे कसे घडले?

प्रेस्बिटेरियन म्हणजे नेमके कोण?

ब्रिटिशांचा धर्म म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बिशप आणि कॅथीड्रल येते. ती इंग्लंडच्या चर्चची पद्धत. स्कॉटलंडचे राष्ट्रीय चर्च वेगळे होते. तिथे बिशप नव्हते. मंडळीने निवडलेले वडील म्हणजे एल्डर आणि पाळक मिळून कारभार पाहत. ग्रीक भाषेत वडीलधाऱ्याला जो शब्द आहे, त्यावरून या पंथाला प्रेस्बिटेरियन म्हणतात. उपासना साधी, भिंती कोऱ्या, मूर्ती-चित्रे नाहीत. भर कशावर, तर प्रवचनावर आणि वाचनावर. प्रत्येकाला धर्मग्रंथ स्वतः वाचता आला पाहिजे, हा आग्रह असल्यामुळे जिथे हा पंथ गेला तिथे चर्चच्या बरोबरीने शाळा गेली. विल्सन यांचे चरित्र समजून घेताना हा एक धागा हातात ठेवला की पुष्कळ गाठी सुटतात.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत स्कॉटिश माणसे भरपूर होती. १८१३ च्या सनदेनंतर त्यांच्यासाठी स्वतंत्र धर्मगुरू नेमण्याची सोय झाली. मुंबईत जेम्स क्लाऊ १८१५ मध्ये आले आणि कोटात सेंट अँड्र्यूज चर्च उभे राहिले. तिथे १८१९ मध्ये उपासना सुरू झाली. पुढे १८२६ मध्ये त्याच्या मनोऱ्यावर वीज पडली आणि तो नव्याने बांधावा लागला. अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठवण्याचे घरही नंतर याच चर्चच्या शेजारी होते, त्यामुळे जुन्या मुंबईकरांच्या आठवणीत ही दोन्ही ठिकाणे जोडीनेच येतात.

स्कॉटिश लोकांची दफनभूमीही वेगळी होती. इंग्लंडच्या चर्चमध्ये बिशप भूमी पवित्र करून देतो. प्रेस्बिटेरियन लोकांना ते मान्य नव्हते. त्यांच्या मते जमीन ती जमीन. मृतासाठी प्रार्थना करायची नाही, थडग्याला नवस बोलायचा नाही, नाव आणि तारीख कोरलेला दगड लावायचा, बस्स.

मग ही मंडळी पुण्याकडे का आली नाहीत?

याचे उत्तर भीमेच्या काठावर आहे. तळेगाव ढमढेरेपासून जवळच्या कोरेगावला १ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली. त्यासाठी निघालेली कंपनीची तुकडी शिरूरच्या छावणीतूनच आली होती. पेशवाई संपली, पण मुलूख शांत झाला आहे याची कंपनी सरकारला खात्री नव्हती. त्यामुळे १८२२-२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसे पुण्याला जायच्या तयारीने आली, तेव्हा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना थांबवले. पेशव्यांच्या राजधानीत धर्मप्रचार म्हणजे आगीशी खेळ, हा त्यांचा हिशेब.

म्हणून मिशन गेले कोकणात, बाणकोट आणि हर्णैला. पुण्याचे दार पुढे काही वर्षांनी उघडले. जेम्स मिचेल यांनी तिथे काम सुरू केले आणि त्याच स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ या काळात जोतीराव फुले शिकले. पुणे जिल्ह्याच्या इतिहासाशी या मिशनचा सगळ्यात खोल संबंध कोणता, तर हा.

शिरूरची आणखी एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तिथल्या छावणीतील कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये वारले. गावकऱ्यांनी त्यांना सत्पुरुष मानले. सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य त्यांच्या थडग्यावर ठेवला जात असे, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे. एका लष्करी अधिकाऱ्याच्या वाट्याला देवपण आले. हर्णैच्या किनाऱ्यावर मराठीची बाराखडी गिरवायला येणाऱ्या तरुण पाद्रीला मात्र असे देवपण स्वप्नातही नको होते.

हा तरुण आला कुठून?

जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ चा, स्कॉटलंडमधील लॉडर या लहान गावचा. वडील अँड्र्यू गावच्या नगरमंडळावर अनेक वर्षे होते, आई जेनेट शेतकऱ्याची मुलगी. जॉन सगळ्यात थोरले. चौदाव्या वर्षी ते एडिंबरा विद्यापीठात गेले. मधल्या काळात शाळेत शिकवले, खासगी शिकवण्या केल्या. हिंदुस्थानात जायचे ठरल्यावर शरीरशास्त्र आणि वैद्यकाचेही वर्ग केले.

१८२८ मध्ये दीक्षा, त्याच वर्षी लग्न आणि लगोलग जहाज. पत्नी मार्गारेट बेन त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या होत्या. पाद्र्याची मुलगी, ॲबर्डीनमध्ये शिकलेली. दोघे फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईला उतरले आणि मराठी शिकण्यासाठी हर्णैला गेले. वर्ष संपण्याच्या आत विल्सन मराठीत प्रवचन देऊ लागले होते. पुढे गुजराती, हिंदुस्थानी, फारसी, संस्कृत आणि पारशांच्या धर्मग्रंथांची अवेस्ता अशी भर पडत गेली. शिकायची ती भाषा मुळातून, भाषांतरावर विसंबून नाही, हा त्यांचा शिरस्ता होता.

मुंबईत त्यांनी काय सुरू केले?

१८३० मध्ये ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर हे मासिक. १८३१ मध्ये एतद्देशीय ख्रिस्ती लोकांची प्रेस्बिटेरियन मंडळी. सुरुवातीला ती मूठभर सभासदांची होती. गिरगावातील आंब्रोली चर्च ही तिचीच पुढची परंपरा. आणि १८३२ मध्ये आंब्रोलीची इंग्रजी शाळा, जिच्यातून विल्सन हायस्कूल आणि विल्सन कॉलेज निघाले.

त्याच वर्षी त्यांनी एक पुस्तक लिहिले, जे आज फारसे कुणाला माहीत नाही. ते होते हिब्रू भाषेचे व्याकरण, मराठीतून. कोकणातल्या बेने इस्रायल लोकांची घरची भाषा मराठी होती आणि त्यांच्या धर्मग्रंथांची भाषा त्यांना जवळपास परकी झाली होती. स्कॉटिश मिशनच्या शाळांत या समाजाची मुले मोठ्या संख्येने शिकली. धर्म बदलणारे त्यांच्यात अगदी थोडे. पण आपला ग्रंथ आपल्या मूळ भाषेत वाचायची वाट मात्र या व्याकरणाने मोकळी केली. विल्सन यांच्या आयुष्यात असे वारंवार घडले. हेतू एक असायचा आणि फळ दुसरेच यायचे.

मार्गारेट विल्सन यांना विसरून कसे चालेल?

चालत नाही, आणि तरी विसरले जाते. मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण १८४८ पासून सुरुवात करतो. पुण्यातील सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेचे महत्त्व वेगळेच आहे, कारण ती इथल्याच माणसांनी, इथल्याच माणसांचा विरोध पत्करून काढलेली शाळा होती. मात्र मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली होती आणि मुंबईत स्थिरावताच मार्गारेट यांनीही त्याच कामाला हात घातला. मुली शाळेत येत नसत. आल्या तर टिकत नसत, लग्न ठरले की नाव कमी. तरीही शाळांची संख्या वाढली. गावदेवीच्या सेंट कोलंबा शाळेचे मूळ या प्रयत्नांतले, १८३२ चे.

पती दौऱ्यावर गेले की शाळा, मंडळी आणि मासिक हे सगळे त्याच पाहत. विल्सन यांचे दौरे महिनोन्‌महिने चालत. घरी तान्ही मुले, मुंबईची हवा आणि तेव्हाचे तुटपुंजे वैद्यक. सहा वर्षे त्यांनी हे ओढले. १९ एप्रिल १८३५ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षात, मार्गारेट वारल्या. स्कॉटिश दफनभूमीशी विल्सन यांचे नाते जडले ते त्या दिवशी. त्यांनी पत्नीचे चरित्र लिहिले, ते १८३८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलींच्या शाळा पुढे मार्गारेट यांच्या बहिणींनी सांभाळल्या. त्यासाठी अ‍ॅना आणि हे या दोघी बहिणी स्कॉटलंडहून मुद्दाम आल्या होत्या.

मुलगा अँड्र्यू १८३१ मध्ये मुंबईतच जन्मला. तो पाद्री झाला नाही, पत्रकार झाला. हिमालयातील त्याच्या प्रवासाचे पुस्तक इंग्रजीत बरेच गाजले.

त्यांचे वाद इतके का गाजले?

कारण ते उघड्यावर झाले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी अनेक संध्याकाळी जाहीर वाद झाला. मोरभटांनी हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तिका काढली. विल्सन यांनी १८३२ मध्ये उत्तर छापले, आणि त्यात प्रतिपक्षाच्या पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतरही आधी जोडले. म्हणजे वाचकाला दोन्ही बाजू एकाच जिल्दीत मिळाल्या. त्यांची भाषा आज वाचली तर खटकते. दुसऱ्याच्या श्रद्धेकडे ते कमीपणानेच पाहत, यात शंका नाही. पण वाद जिंकण्यासाठी विरोधकाचे तोंड बंद करावे, असे त्यांना वाटत नसे.

मुंबईच्या पंडितांना छापखान्याची ताकद या वादांनी दाखवून दिली. पुढे १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी समुद्रकिनारी वाद घालायला उभे राहिले, ते याच वातावरणात. पारशांचेही तसेच. विल्सन यांनी मूळ ग्रंथ वाचून १८४३ मध्ये पारशी धर्मावर ग्रंथ लिहिला, तेव्हा दस्तुरांच्या लक्षात आले की आपल्याच ग्रंथांचा भाषाशास्त्रीय अभ्यास आपल्याकडे कमी पडतो. खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्या पिढीने युरोपात जाऊन ती उणीव भरून काढली.

वादापर्यंत सारे ठीक होते. पण बाप्तिस्म्याने शहर हादरले.

धर्मांतराची प्रकरणे न्यायालयात कशी गेली?

मे १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. दोघेही विल्सन यांच्या शाळेचे. धनजीभाई जेमतेम सतरा वर्षांचे. पारशी समाज संतापला. नातेवाइकांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मुलगा अजाण आहे, त्याला आमच्या ताब्यात द्या, ही मागणी. मुलाला समज आहे आणि तो आपल्या मर्जीने राहतो आहे, असा निर्णय झाला आणि धनजीभाई विल्सन यांच्याकडेच राहिले. शाळेचे वर्ग मात्र ओस पडले. पारशी मुले तर गेलीच, इतरही अनेक पालकांनी मुले काढून घेतली. ते वर्ग पुन्हा भरायला काही काळ जावा लागला.

चार वर्षांनी, सप्टेंबर १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री परळीकर यांना विल्सन यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट यांनी बाप्तिस्मा दिला. विल्सन त्या वेळी परदेशात होते. नारायण जाणते होते, पण त्यांच्यामागे धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला. तो अगदी लहान. वडिलांनी न्यायालय गाठले आणि या वेळी निकाल वडिलांच्या बाजूने लागला.

मुलगा घरी आला, तर दुसरेच संकट. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या ब्राह्मण मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही? दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या पाठीशी उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. सनातन्यांचा विरोध झाला आणि खुद्द जांभेकरांना बहिष्काराला तोंड द्यावे लागले.

या प्रकरणात मिशनऱ्यांची बाजू फारशी भक्कम नव्हती. बारा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाने धर्म निवडला असे म्हणणे अवघडच. पण न्यायालयाने परत दिलेल्या पोराला त्याच्याच समाजाने दारात उभे ठेवावे, हेही तितकेच कठोर. बाप्तिस्मा घेणाऱ्यांनी जी किंमत मोजली, ती विल्सन यांना कधीच मोजावी लागली नाही. घर, आई, पंगत, सगळे एका दिवसात तुटायचे. नारायण शेषाद्री पुढे पाद्री झाले आणि जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभारून त्यांनी तिथे आयुष्य घातले. धनजीभाईंना १८४६ मध्ये एडिंबऱ्यात दीक्षा मिळाली, ते १९०८ पर्यंत जगले.

१८४३ मध्ये स्कॉटलंडमध्ये काय घडले?

चर्च फुटले. गावच्या पाळकाची नेमणूक जमीनदाराने करायची की मंडळीने, हा मूळ तंटा. साडेचारशेहून अधिक पाळक सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. घर, पगार, इमारत, सगळ्यावर पाणी सोडून. हिंदुस्थानातले सगळे स्कॉटिश मिशनरी त्यांच्यासोबत गेले.

विल्सन तेव्हा धनजीभाईंना बरोबर घेऊन इजिप्त, सिनाई आणि पॅलेस्टाइनमार्गे मायदेशी निघाले होते. त्यांनीही फ्री चर्चची बाजू घेतली. परिणाम मुंबईत दिसला. इतक्या वर्षांच्या कष्टाने उभी राहिलेली मालमत्ता जुन्या चर्चकडे गेली. माणसे एकीकडे, इमारती दुसरीकडे. भाड्याच्या जागेतून पुन्हा सुरुवात करावी लागली. १८५५ मध्ये खेतवाडीत स्वतःची इमारत झाली. त्याआधी १८४६ मध्ये विल्सन यांनी इझाबेला डेनिस्टन यांच्याशी विवाह केला आणि १८४७ मध्ये ते मुंबईला परतले.

लेणी आणि शिलालेखांशी त्यांचा काय संबंध?

पाद्री म्हणून ते मूर्तिपूजेचे कडवे विरोधक, अभ्यासक म्हणून मूर्तींनी भरलेल्या लेण्यांचे राखणदार. १८३५ मध्ये ते गुजरात-काठेवाडच्या दौऱ्यात गिरनारला गेले. तिथल्या खडकावरच्या अशोकाच्या लेखाचे महत्त्व त्यांनी ओळखले. त्यांच्यासाठी घेतलेला लेखाचा ठसा कोलकात्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोहोचला आणि ब्राह्मी लिपीतील लेखांच्या वाचनात तो मोलाचा ठरला.

रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते १८३५ ते १८४२ या काळात अध्यक्ष होते. पश्चिम भारतातील लेण्यांची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले. त्यांनी १८५० मध्ये लेण्यांवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. कुठे काय आहे, याची एकत्र मांडणी तोवर झालीच नव्हती. १८५७ च्या उठावात पकडलेली गुप्त पत्रे वाचून घेण्यासाठी सरकारने त्यांचीच मदत घेतली. इतक्या लिप्या वाचणारा दुसरा माणूस सहज मिळण्यासारखा नव्हता. १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात करसनदास मूलजी यांच्या बाजूने साक्ष द्यायलाही ते उभे राहिले.

आफ्रिकेचा धागा कुठून आला?

मुंबईच्या बंदरातून. डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६४ मध्ये आपली लहानशी बोट घेऊन आफ्रिकेहून मुंबईला आले. त्यांच्यासोबत गुलामीतून सुटलेली मुले होती. चुमा आणि विकातानी या दोघांना त्यांनी विल्सन यांच्या शाळेत ठेवले. डिसेंबर १८६५ मध्ये विल्सन यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. लिव्हिंगस्टन पुढच्या मोहिमेवर निघाले तेव्हा दोघे त्यांच्याबरोबर गेले.

१८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात लिव्हिंगस्टन वारले. त्यांचा देह वाळवून, गुंडाळून, शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत आणणाऱ्या तुकडीचे म्होरके दोन, सुसी आणि हाच चुमा. गिरगावच्या शाळेत बसलेला मुलगा.

शेवटची वर्षे कशी गेली?

मानाची. मुंबई विद्यापीठाच्या उभारणीत सुरुवातीपासून असलेले विल्सन १८६८ मध्ये कुलगुरू झाले. फेब्रुवारी १८६९ मध्ये त्यांच्या हिंदुस्थानातील वास्तव्याला ४० वर्षे झाली, तेव्हा शहराने त्यांचा सत्कार करून २१ हजार रुपयांची थैली दिली. देणाऱ्यांत हिंदू होते, पारशी होते. ज्यांनी कधीकाळी मुले शाळेतून काढून घेतली, त्याच समाजांतली ही माणसे. विल्सन यांनी ही रक्कम विद्यापीठातील भाषाशास्त्राच्या अभ्यासाकडे वळवली. १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर जी प्रसिद्ध व्याख्याने दिली, ती याच विल्सन व्याख्यानमालेत. मराठीच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला ती आजही टाळता येत नाहीत.

१८७० मध्ये फ्री चर्चच्या महासभेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. एडिंबऱ्यात राहून उरलेले दिवस सुखात काढता आले असते. ते मुंबईला परत आले. इझाबेला १८६७ मध्येच गेल्या होत्या. धर्मांतराचा हिशेब मांडला तर ४६ वर्षांच्या कामाचे फळ फारच थोडे होते, हे त्यांनाही ठाऊक असणार. शाळेतून बाहेर पडलेली मुले मात्र कचेऱ्यांत, न्यायालयांत, वर्तमानपत्रांत सगळीकडे होती.

१ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले आणि स्कॉटिश दफनभूमीत, मार्गारेट जिथे ४० वर्षांपूर्वी विसावल्या होत्या तिथेच, त्यांना जागा मिळाली. चौपाटीसमोरची कॉलेजची देखणी इमारत त्यांनी पाहिली नाही, ती १८८९ ची. १९७० मध्ये उत्तर भारतातील अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, त्यात मुंबईतील जुन्या स्कॉटिश मंडळ्याही सामावल्या.

टेबलावर एक हस्तलिखित राहिले होते. विषय होता हिंदुस्थानातील जातिव्यवस्था. दोन खंडांत ते १८७७ मध्ये छापले गेले. दुसऱ्या खंडात ब्राह्मणांच्या शाखा-उपशाखांची प्रांतवार नोंद आहे. बाकीच्या जातींपर्यंत लेखकाला पोहोचता आले नाही.